दुसरा गिअर सुटायचा तेव्हा

नवऱ्याच्या आधी मला नवऱ्याचा डोझर ओळखीचा झाला, असं मी म्हटलं की माझ्या दोन्ही सुना एकमेकींकडे बघून हसतात. हसू देत. कळसहून लग्न होऊन मी सणसरच्या शिवारातल्या वस्तीवर आले तेव्हा अठरा नुकती पुरी झाली होती आणि घरात माणसं इतकी होती, की नवऱ्याशी चार शब्द बोलायचे तर विहिरीवर जायचं निमित्त काढावं लागे. तेही सकाळी उठून कामावर जात आणि दिवस मावळता अंगभर माती घेऊन परत येत. तेव्हा मी त्यांचं नाव घेत नसे. आता कागदावर घ्यायला हरकत नाही. महादेव. डोझर मात्र अंगणाच्या टोकाला चिंचेखाली उभा असे आणि त्याच्याकडे बघायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. सकाळी महादेव त्याला चालू करत तेव्हा तो आधी दोन-तीनदा नुसताच खोकायचा, काळा धूर चिंचेत शिरायचा, वरची पाखरं उठायची, आणि मग जी धडधड सुरू व्हायची तिच्यानं चुलीमागच्या फळीवरचे पितळी डबे आपापसात किणकिणायला लागायचे. डबे वाजायच्या आत भाकऱ्या फडक्यात बांधून तयार पाहिजेत, असा आत्यांचा शिरस्ता होता. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात.

आमच्या घरी पूर्वी मेंढरं होती. माझ्या आजेसासऱ्यांनी कळप घेऊन कोकणापर्यंत पायी वाटा तुडवल्या होत्या. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, मात्र तरुणपणीच काठी टाकली आणि कालव्याच्या कामावर जाऊन डोझर शिकले. काम संपलं, यंत्रं लिलावात निघाली, तेव्हा स्वतः चालवलेला डोझरच त्यांनी घरी आणला. शेजारीपाजारी म्हणाले, आबानं भंगार आणलं. पण त्या भंगारानं आमच्या आजूबाजूचा सगळा खडकाळ माळ सपाट केला आणि जिथं हुलग्याशिवाय काही उगवत नव्हतं तिथं ऊस उभा राहिला. आबा त्याला 'मशीन' म्हणत नसत, 'गडी' म्हणत. "गडी दमलाय," "गड्याला पाणी दावलं का?" असं चालायचं. कंबर धरल्यावर त्यांनी गिअरचा दांडा मुलाच्या हातात दिला, पण कान स्वतःकडेच ठेवले. ओसरीवर बसून, अर्ध्या मैलावर चाललेल्या डोझरचा आवाज ऐकून, महादेवनी कुठला गिअर टाकलाय ते आबा सांगायचे, आणि चूक असला तर जेवताना काढायचे.

मी आले त्या हंगामात सगळं काम वस्तीच्या अवतीभवतीच होतं, त्यामुळे डोझर रोज संध्याकाळी घरी येई. लांबचं काम असलं की त्याला ट्रेलरवर चढवून न्यावं लागे आणि मग महादेवही आठ-आठ दिवस तिकडंच. म्हणून जवळचं काम चाललेलं मला फार बरं वाटे. न्याहारीला आमच्याकडे हुलग्याचं माडगं असायचं, वर लसणाची फोडणी. महादेव ते वाटीला तोंड लावून, उभ्या उभ्याच प्यायचे आणि रिकामी वाटी माझ्या हातात देताना उगाच एक क्षण जास्त धरून ठेवायचे. आमचा संसार त्या दिवसांत तेवढाच होता.

डोझरची पूजा ही घरातली रीत. दर रविवारी आत्या न्हाऊन येत, डोझरच्या पुढच्या पात्याला चिमूटभर भंडारा लावत, नारळ असला तर फोडत आणि हात जोडत. दसऱ्याला त्यांनी ते काम माझ्याकडे दिलं. "रविवारच्या रविवारी पात्याला लावायचं, बास," एवढंच त्या म्हणाल्या. पण मी पडले हौशी. त्याच आठवड्यात मी रानात भाकरी घेऊन गेले होते आणि उताराच्या बांधावरून डोझर खाली येताना पाहिला होता. एवढं मोठं धूड पुढं कललेलं, आणि त्याच्या माथ्यावर आपला माणूस, एका हातात तो काळा दांडा धरून. सगळं त्या दांड्यावर आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून रविवार नाही की सोमवार नाही, महादेव आंघोळीला गेले की मी डोझरवर चढायची. दांड्याच्या मुठीला एक बोट टेकवायची आणि दांड्याच्या पायाशी, जिथं तो लोखंडी फळीतून खाली जातो तिथं, भंडारा घालायची. कुठल्याही देवाला पायाशीच घालतात, म्हणून पायाशी. कोरडा भंडारा वाऱ्यानं उडे, म्हणून मी तो गोड्या तेलात कालवून न्यायला लागले. माहेरी आम्ही पेरणीच्या पाभरीला तसंच लावत होतो. पाभरीला काही झालं नाही, मग डोझरला काय होणार, असा माझा हिशेब.

मुठीवरचा टिळा सगळ्यांना दिसायचा. महादेवचा तळवा दिवसभर पिवळा राही आणि रानातली माणसं त्यांना अजून नवरदेव म्हणून चिडवत. त्यांना ते आवडत असावं, कारण त्यांनी मला कधी अडवलं नाही. पायाशी मी काय ओतते ते मात्र कुणी वाकून पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर महादेवच्या तक्रारी सुरू झाल्या. आधी नुसतं "आज गेर जड पडतोय" असं. मग सकाळी रिव्हर्स पडेना, दोन-दोनदा दांडा ओढावा लागायचा आणि करकर असा आवाज यायचा. ओसरीवर बसलेल्या आबांच्या चेहऱ्यावर तो आवाज मला दिसे; जणू कुणी त्यांच्याच दाढेवर कानस फिरवली. मग दुसरा गिअर सुटायला लागला. पात्यात माती भरली, मशीनवर जोर आला की दांडा आपला आपण मागं यायचा आणि डोझर जागीच घोंगावत राहायचा. एकदा तो दांडा महादेवच्या मनगटावर असा बसला की आठ दिवस त्यांनी डाव्या हातानं भाकरी मोडली. मी हळद गरम करून लावली. तीच हळद. मला आज ते आठवलं की स्वतःच्या कपाळावर हात मारावासा वाटतो.

आबांनी बारामतीहून गफूर मिस्त्रींना बोलावलं. कालव्याच्या कामापासूनची त्यांची ओळख. मिस्त्री बारीक अंगाचे, पांढरी दाढी, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. आले की आधी यंत्राला हात लावत नसत, चहा पीत आणि प्रश्न विचारत. त्यांचं म्हणणं, गिअर नीट पडत नाही म्हटलं की लोक गिअरबॉक्स खोलायला धावतात. आधी बाहेरचं बघावं. म्हणून त्यांनी पहिल्यांदा क्लच पाहिला. क्लच पुरता सुटत नसेल तर आतले दाते फिरत राहतात आणि गिअर करकरतो. त्यांनी तो आवळून नीट केला. एक दिवस बरा गेला. मग क्लच सुटल्यावर आतला फिरता शाफ्ट थांबवणारा छोटा ब्रेक असतो, त्याचं अस्तर झिजलं होतं, ते बदललं. मग दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळयांच्या पिना ढिल्या होत्या, त्या नव्या घातल्या. तेल काढून बोटांत चोळून पाहिलं, वास घेतला. करकर कमी झाली, पण दुसरा गिअर सुटायचा तो सुटतच राहिला. "आता हे समदं न्हाय, तर दाते झिजलेत," मिस्त्री तिसऱ्या खेपेला म्हणाले. "गिअरबॉक्स उतरवावा लागंल. सीट, टाकी, सगळं काढायचं. दोन महिनं गडी उभा राहील, आबा."

ऐन कामाच्या दिवसांत डोझर उभा करणं आबांना परवडणारं नव्हतं, आणि मनाला तर त्याहून नाही. शिवाय 'दाते झिजलेत' हा शब्द त्यांच्या डोक्यात जाऊन बसला. दाते कुणी झिजवले? त्यांनी एवढी वर्षं चालवला तेव्हा झिजले नाहीत. त्यात एके दिवशी माळेगावच्या एका बागायतदारानं आमच्या शेजारी नवीन घेतलेल्या रानात काम चाललं असताना, बांध उतरताना दुसरा गिअर सुटला, डोझर हात-दोन हात घसरला आणि त्याची नवी पाइपलाइन फुटली. माणसाला काही लागलं नाही. बागायतदारही भला, फार बोलला नाही. पण त्या संध्याकाळी आबा जेवणाच्या ताटावरून न उठता, अगदी शांतपणे म्हणाले, "म्हादू, तुजा हात जड हाय. गेर मनगटानं टाकायचा असतो, तू खांद्यानं टाकतोस. इंदापूरचा एक डायव्हर हाय, रविवारी यायचाय. तू कारखान्यावर ट्रॅक्टर हाण." समोरची भाकरी महादेवनी चतकोर मोडून तशीच ठेवली आणि हात धुतला.

ज्याला आपल्या कामाचा गर्व आहे त्याचं काम काढून घेतलं की तो कसा दिसतो, ते मी त्या चार-पाच दिवसांत पाहिलं. महादेव डोझर पुसत, ग्रीस भरत, सगळं करत. पण चालवायला चढताना आता आबांच्या ओसरीकडे बघून चढत. वाटी देताना तो एक क्षणही बंद झाला. आणि मला वाईट वाटायचं दुसरंही कारण होतं. आत्या एकदा शेजारणीशी बोलताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "काय सांगू, दसऱ्यापातूर बेस चाललं हुतं गं..." मी आतून येताना दिसले तशा गप्प झाल्या. पायगुण हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, हे कबूल केलं पाहिजे. उच्चारायची गरजही नव्हती. लग्न उन्हाळ्यात झालं असलं तरी नांदायला मी दसऱ्याच्या तोंडावरच आले होते.

शनिवारी मिस्त्री पुन्हा आले. नव्या ड्रायव्हरच्या हाती यंत्र द्यायच्या आधी एकदा नजर घालावी, म्हणून आबांनीच बोलावलं होतं आणि मुक्काम करायला सांगितलं होतं. मी ओसरीवर चहा ठेवत होते. मिस्त्रींनी महादेवना जवळ बसवलं आणि विचारलं, "खरं सांग, रोज सुटतो का? सकाळी सुटतो का दुपारी? गार असताना का तापल्यावर?" महादेवनी थोडा विचार केला. म्हणाले, "रोज न्हाय, चाचा. हेच तर कळत न्हाय. सकाळी लई सुटतो. आन् मदीच कवातरी चार-पाच दिस असा बेस चालतो की वाटतं दुरुस्त झाला. मग पुन्हा हायेच." मिस्त्री हसले, "मशीनला काय वार-तारीख कळती व्हय रं? असं न्हाय होत. घरात, रानात काहीतरी बदलत असणार त्या दिवसांत."

मी कप ठेवला आणि माझा हात तिथंच राहिला. गेल्या महिन्यात महादेव एका संध्याकाळी शीळ घालत आले होते, "आज एकदाबी सुटला न्हाय" म्हणत. मला ते लख्ख आठवत होतं, कारण त्या दिवशी मी बाहेरच्या छपरीत वेगळी बसले होते आणि त्यांना पाणीसुद्धा देऊ शकले नव्हते. त्याच्या आधीच्या महिन्यातही तसंच. आमच्याकडे तेव्हा महिन्याचे चार दिवस बाईनं चुलीला, देवाला शिवायचं नाही. आणि देवाला नाही म्हणजे डोझरलाही नाही. मी आत गेले, भिंतीला टेकून उभी राहिले आणि बोटांवर दिवस मोजले. दोनदा मोजले. डोझर बरोबर माझ्या चार दिवसांत आणि त्यानंतरच्या एखाद दिवसात नीट चालत होता.

पहिल्यांदा मला वाटलं, म्हणजे आत्यांचं खरं. मी लांब असले की यंत्र बरं असतं, जवळ गेले की बिघडतं. याहून उघडा पायगुण कोणता असणार? रडू आलं. पण माझ्या स्वभावात रडणं फार वेळ टिकत नाही, राग येतो. दुपारी सगळे आडवे झाले तशी मी डोझरवर चढले. दांड्याच्या पायाशी रबराची एक टोपी होती, आत धूळ जाऊ नये म्हणून. ती मागच्या बाजूनं उभी फाटलेली. मी बोट आत घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं, आणि बाहेर काढलं तर पिवळंधमक, चिकट, खाली वाळूसारखं कचकचीत. छत्रीची एक काडी आणून मी आत खरवडून पाहिलं. काडी वाकली. खाली सगळं दगडासारखं बसलं होतं. गुपचूप साफ करून मोकळं व्हावं, हा बेत तिथंच संपला.

खाली उतरून मी हौदाच्या कडेला बसले. कशी बसले होते, ते आज वयाच्या या टोकावरूनही मला स्पष्ट दिसतं. हातावरची हळद साबणानं जात नव्हती. गप्प राहिले तर महादेव उद्या डोझरवरून उतरणार आणि जन्मभर 'हात जड' हा शिक्का घेऊन फिरणार. बोलले तर मशीन खरोखरच मी बिघडवलं, हे सगळ्या वस्तीसमोर माझ्या तोंडानं ठरणार. आणि वर देवाच्या भंडाऱ्याला नाव ठेवल्यासारखं होणार, ते वेगळंच. मी काही फार शूर मुलगी नव्हते. पण वाटी हातात देताना तो एक क्षण मला परत पाहिजे होता. दुसरं कुठलंही थोर कारण मी इथं लिहिणार नाही.

रविवारी सकाळी इंदापूरचा ड्रायव्हर आला. गळ्यात रुमाल बांधलेला, अबोल माणूस. आबा, मिस्त्री, महादेव आणि तो, चौघं डोझरपाशी उभे होते. आत्या दारात तांदूळ निवडत होत्या. मी चहाचं ताट घेऊन गेले आणि ताट हातात धरूनच उभी राहिले. सासऱ्यांशी थेट बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. पाच हातांवर उभे असले तरी मध्ये कुणीतरी लागायचं. मी मिस्त्रींकडे तोंड केलं.

"चाचा, आबांना सांगा, गेर ह्यांच्या हातानं बिघडलेला न्हाय."

मिस्त्रींनी चष्मा वर सरकवला. "आबा, सूनबाई म्हणतात..."

"आयकलं," आबा म्हणाले, माझ्याकडे न बघता. "इचार तिला, मग कुणाच्या हातानं?"

"माज्या. मी रोज दांड्याच्या पायाशी भंडारा घालते. तेलात कालवून. रबर मागनं फाटलंय, त्यातनं समदं आत गेलंय."

ड्रायव्हर डोझरकडे बघायला लागला. महादेव माझ्याकडे बघत होते. मिस्त्रींनी या खेपेला मध्यस्थी करायचं सोडून दिलं आणि तोंड किंचित उघडं ठेवून उभे राहिले.

"रोज?" आबा मिस्त्रींना म्हणाले. "इचार, कवापासनं?"

"दसऱ्यापासनं."

"आन् मिस्त्रीला तीन खेपा करून उमगलं न्हाय, ते हिला कसं उमगलं?"

सासऱ्यांसमोर चार दिवसांचं नाव कसं घेणार? मी ताटाकडे बघत राहिले. चहावर साय धरली होती. तेवढ्यात दारातून आत्यांचा आवाज आला. "कसं उमगलं ते इचारू नका. उमगलं म्हंजे उमगलं." त्यांच्या हातातलं सूप थांबलेलं होतं. त्यांनीही बोटांवर मोजलं असावं.

मिस्त्रींनी मग वेळ घालवला नाही. पायाखालची लोखंडी फळी काढली, रबर काढलं, दांड्याच्या बुडाचं झाकण खोललं आणि आत बघून "या अल्ला" म्हणाले. महादेवना वर बोलावलं. गिअर एकदा पडला की तो हलू नये म्हणून सळईवर खाचा असतात आणि त्या खाचेत पोलादी छर्रा जाऊन बसतो, त्याच्या मागं स्प्रिंग. छर्रा ज्या भोकात खालीवर व्हायला पाहिजे ते भोक आमच्या भंडाऱ्यानं लिंपून गेलं होतं. रोज सकाळी वर ताजा चिकट थर पडला की छर्रा पुरता उतरायचा नाही आणि जोर आला की गिअर सुटायचा. चार दिवस नवीन काही पडलं नाही की वरचा थर सुकून झडायचा आणि छर्रा कसाबसा खाचेत बसायचा. हे सगळं मिस्त्री मोठ्यानं, आबांना ऐकू जाईल असं सांगत होते. शेवटी म्हणाले, "दाते बघितले मी ह्या फटीतनं. चांगले हायेत. पोराचा हात हलका हाय, आबा. जड असता तर एवढ्या घाणीत एक तरी दाता तुटला असता." ड्रायव्हरनं थंड झालेला चहा संपवला आणि माळावरच्या रस्त्याकडे बघत एसटीची वेळ विचारली.

साफ करायला दुपार झाली. डिझेलमध्ये भिजवून, तारेनं खरवडून मिस्त्रींनी तीन छर्रे काढले आणि धुऊन महादेवच्या तळहातावर ठेवले. स्प्रिंगा नव्या लागतील म्हणाले, तोवर याच चालतील. नवं रबर नव्हतं, म्हणून जुन्या ट्यूबचा तुकडा कापून बांधला. आबांनी स्वतः पुढं होऊन पाइपलाइन फुटली होती तोच बांध दाखवला. महादेव पात्यात माती भरून, दुसऱ्या गिअरमध्ये, तो बांध तीनदा चढले आणि तीनदा उतरले. दांडा हलला नाही. आबा शेजारून, कंबरेवर हात ठेवून चालत होते, नुसता कान देऊन. मला आठवतं, तिसऱ्या खेपेला त्यांनी डोळे मिटले होते. आजही गुडघा दुखतो म्हणून मी डॉक्टरकडे गेले आणि त्यांनी न विचारताच गोळ्या लिहिल्या, तर मी त्यांना म्हणते, आधी विचारा ना, कधी दुखतो, सकाळी की संध्याकाळी? डॉक्टर हसतात. त्यांनी गफूर मिस्त्री पाहिले नाहीत.

परत आल्यावर आबा ओसरीवर टेकले. महादेवना त्यांनी काही म्हटलं नाही. फक्त ड्रायव्हरला मिस्त्रींच्या स्कूटरवर मागं बसवून लावून दिलं, म्हणजे जे म्हणायचं ते म्हणून झालं. पण माझा विषय राहिला होता. त्यांनी घराच्या दिशेनं, कुणाकडंच न बघता विचारलं, "त्याल वतायची ही शिकवण कुणाची? माहेरची का?"

मी होय म्हणणार होते, कारण पाभरीची गोष्ट खरीच होती. तेवढ्यात आत्या दाराच्या चौकटीतून बाहेर आल्या, पदर खोचलेला तसाच.

"माजी," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं हुतं तिला. काय बोलायचंय ते मला बोला."

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या दोघांच्या संसाराला तेव्हा तीस वर्षं होत आली होती आणि त्या नजरेत काय काय होतं ते मला कळण्याचं कारण नव्हतं. ते उठले, पायात वहाणा सरकवल्या आणि म्हशींकडे निघून गेले. तो विषय आमच्या घरात नंतर कधीही निघाला नाही.

दिवस कलला तशी आम्ही दोघी चुलीपाशी बसलो. मी थापत होते, त्या भाजत होत्या. त्या संध्याकाळी वांग्याचं कालवण होतं, कूट घालून, महादेवना आवडायचं तसं घट्ट. बाहेर महादेव मिस्त्रींची नक्कल करत कुणाला तरी छर्ऱ्याची गोष्ट सांगत होते आणि मोठ्यानं हसत होते, किती दिवसांनी. मला राहवेना. ज्या बाईनं माझा पायगुण शेजारणीपुढं अर्धा उच्चारला होता, तिनंच माझ्यासाठी चारचौघांत खोटं बोलावं, हे माझ्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

"आत्या," मी म्हणाले, "तुमी तर मला पात्यालाच लाव म्हनला हुता. दांड्याचं कुठं सांगितलं हुतं?"

त्यांनी भाकरी उलटली, कडेनं बोटं फिरवली आणि ती फुगू दिली.

"कालव्यावर पत्र्याच्या खोलीत ऱ्हायचो आमी," त्या म्हणाल्या. "तवा तुज्या सासऱ्याचा हात असायचा त्या दांड्यावर. मीबी रोज भंडारा घेऊन चढायचे, त्यो आंगूळीला गेला की. रबर नवं हुतं म्हणून निभावलं." मग भाकरी माझ्या पुढ्यात टाकत म्हणाल्या, "मला तरी कुणी सांगितलं हुतं गं?"